कवितापाठ वगळणाऱ्या अभ्यासक्रम समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
भाषा अभ्यासक्रम समिती

सप्रेम नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून भाषेच्या तोंडी परीक्षेतील कवितापाठ वगळण्यात येत असल्याचे आपले परिपत्रक माझ्या मुलीच्या शाळेतून घरी आले. त्यात तीन गोष्टी आहेत. कविता पाठ म्हणून दाखवण्याचे १० गुण रद्द करून ते लेखी रसग्रहणाच्या प्रश्नाकडे वळवले आहेत. खालच्या इयत्तांमध्ये शिक्षकांनी कोणतीही कविता मुलांकडून तोंडपाठ करून घेऊ नये, असे सुचवले आहे. आणि कविता शिकवताना तिचे ध्वनिमुद्रित गायन ऐकवावे, म्हणजे उच्चारांचा नमुना सर्वांना सारखा मिळेल, असेही म्हटले आहे. या तिन्हींमागे कारण एकच दिले आहे : स्मरणापेक्षा आकलनाला महत्त्व. हे पत्र मी त्या एका कारणासाठी लिहीत आहे, कारण ते ऐकायला इतके वाजवी वाटते की त्याला कोणी हरकत घेतली नसावी, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते मुळातच चुकीचे आहे.

मी शिक्षिका नाही. गेली १९ वर्षे मी वाचा-उपचाराचे, म्हणजे ज्याला सर्वजण स्पीच थेरपी म्हणतात ते काम करते. माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारची माणसे येतात : बोलताना अडखळणारी मुले, आणि पक्षाघातानंतर शब्द हरवलेली मोठी माणसे. या दुसऱ्या प्रकाराला वाचाघात म्हणतात. काही वर्षांपूर्वी हिशेबाच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यामुळे त्यांना पत्नीचे नाव घेता येत नव्हते, पाणी मागता येत नव्हते, आणि समोर धरलेल्या पेनाला काय म्हणतात हे ओळखूनही सांगता येत नव्हते. तिसऱ्या भेटीत मी एका सर्वपरिचित श्लोकाची पहिली ओळ म्हटली आणि मुद्दाम थांबले. त्यांनी दुसरी ओळ म्हटली, मग तिसरी, मग चौथी. एकही अक्षर गळले नाही. म्हणून झाल्यावर ते स्वतःच्या तोंडाला हात लावून पाहत होते.

त्यांच्या पत्नीने लगेच विचारले, हे येते तर पाणी का मागता येत नाही? प्रश्न रास्त होता. मनातला नवा आशय शब्दांत मांडणे आणि अंगवळणी पडलेली शब्दमाला पुढे चालवणे या दोन क्रिया मेंदूत एकाच वाटेने जात नाहीत, हे इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञ जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. १९७३ मध्ये सूर आणि ठेक्याच्या आधाराने बोलणे परत मिळवण्याची एक उपचारपद्धती मांडली गेली. पुढे २०११ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी वाचाघाताच्या १७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की या रुग्णांना बोलण्यासाठी आधार मिळतो तो सुरापेक्षा लयीचा आणि ओळखीच्या शब्दांचा. श्लोक म्हणता आल्याने ते गृहस्थ बरे झाले नाहीत, आणि तसा दावा मी कधीच करणार नाही. पण त्या दिवसापासून आमच्या कामाला पाय टेकवायला जागा मिळाली. ती जागा माझ्या शिक्षणाने दिली नव्हती. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना समोर बसवून तो श्लोक मोठ्याने म्हणायला लावला होता, त्या व्यक्तीने ती दिली होती.

म्हातारपणी पक्षाघात होईल म्हणून मुलांनी कविता पाठ कराव्यात, असे मी सुचवत नाही. ते हास्यास्पद होईल. मला एवढेच दाखवायचे आहे की पाठ असलेली आणि मोठ्याने म्हटलेली कविता ही डोक्यातल्या कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. ती श्वास, जीभ, ओठ, कान आणि अर्थ यांनी मिळून केलेली क्रिया आहे. आपल्या परिपत्रकात मात्र ती केवळ साठवण समजली गेली आहे.

आपली भाषा येथे आपल्यापेक्षा सावध आहे. घोकणे, पाठ असणे आणि म्हणणे ही तीन क्रियापदे आपण वेगवेगळी वापरतो. घोकतो तो शब्दांशी झटतो. पाठ असते ते न मागता उभे राहते. आणि म्हणतो तो कोणाला तरी उद्देशून म्हणतो. मूल घरी कविता घोकते, पण वर्गात ती घोकून दाखव असे कोणी सांगत नाही. म्हणून दाखव, असे सांगतात. इंग्रजी आणि फ्रेंच या भाषा अशा वेळी हृदयाचे नाव घेतात. आपण तोंडपाठ म्हणतो, मुखोद्गत म्हणतो, कंठस्थ म्हणतो. तोंड, मुख आणि कंठ ही तिन्ही ठिकाणे आवाजाची आहेत. जे आवाजातून बाहेर आले नाही ते पाठ आहे की नाही, हे आपल्या शब्दांच्या दृष्टीने अजून ठरलेलेच नाही. घोकंपट्टी आणि पोपटपंची हे निंदेचे शब्दही याच भाषेने घडवले आहेत, म्हणजे दोन्हींतला फरक तिला आधीपासून ठाऊक आहे.

हा फरक किती जुना आहे, यासाठी एकच दाखला देते. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्रावरील ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. (शिक्षा म्हणजे येथे उच्चाराचे शास्त्र. पाठांतर आणि शिक्षा हे शब्द एकत्र आले की आपल्याला छडीच आठवते, म्हणून हे सांगावे लागते.) गीती, शीघ्री, शिरःकंपी, लिखितपाठक, अनर्थज्ञ आणि अल्पकंठ : जो गात गात म्हणतो, जो घाईने म्हणतो, जो डोके हलवत म्हणतो, जो लिहिलेले पाहून म्हणतो, ज्याला अर्थ माहीत नाही, आणि ज्याचा आवाज क्षीण आहे. लगेच पाठकाचे सहा गुणही दिले आहेत : माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, शब्दांची योग्य तोड, चांगला स्वर, धैर्य आणि लय सांभाळण्याचे सामर्थ्य. या यादीत अर्थ न कळता म्हणणारा आणि पुस्तकात पाहून म्हणणारा हे एकाच पंक्तीला बसवले आहेत, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. यास्काच्या 'निरुक्ता'त तर वेद शिकूनही अर्थ न जाणणाऱ्याला भार वाहणारा खांब म्हटले आहे. ज्या परंपरेवर आंधळ्या पाठांतराचा ठपका सर्वांत जास्त येतो, तिनेच अर्थाशिवायच्या पाठाला इतकी कठोर नावे ठेवली आहेत. आपण शीघ्री आणि अनर्थज्ञ या दोघांना पाहिलेत आणि उरलेल्या सर्वांसह वर्गाचे दारच लावून घेतलेत.

त्याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. शब्द जसाच्या तसा टिकावा म्हणून वेदपठणात जटा, घन असे पाठ योजले गेले. तीन शब्दांना क, ख, ग मानले, तर घनपाठाचा क्रम कख, खक, कखग, गखक, कखग असा होतो, आणि मग तोच खेळ एक शब्द पुढे सरकून पुन्हा सुरू होतो. येथे अर्थाचा क्रम मुद्दाम मोडलेला आहे. चूक शिरायला फटच राहू नये, एवढाच त्याचा हेतू. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेला मानवाच्या मौखिक वारशात स्थान दिले, ते योग्यच झाले. पण हे जतन ज्यांच्या हाती होते, त्यांनी स्त्रियांना आणि समाजातील फार मोठ्या वर्गाला त्या शब्दांपासून दूर ठेवले, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना तेथे प्रवेश नव्हता, त्यांनी ओवी आणि अभंग तोंडी सांभाळले, आणि त्यातले कित्येक जण निरक्षर होते. जतनाचे काम आता छापील पुस्तक करते, त्यामुळे शाळेतल्या मुलाला घनपाठाची गरज नाही. मग मुलाने कविता पाठ का म्हणावी, हा प्रश्न खरोखर उरतो, आणि त्याचे माझे उत्तर असे आहे की कविता कळण्यासाठी. माझ्या तक्रारी येथून सुरू होतात.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की आपण स्मरण आणि आकलन यांना तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेत. स्मरणावर प्रयोग करणारे पहिले शास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले होते. आधी निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ केल्या, आणि मग तुलनेसाठी बायरनच्या दीर्घकाव्यातली कडवी. तेवढ्याच अक्षरांची कविता पाठ व्हायला त्यांना सुमारे एकदशांश श्रम पडले. अर्थ, लय आणि यमक यांनी नऊ हिस्से ओझे उचलले होते. याचा अर्थ असा की जे मूल कविता अर्थाशिवाय घोकते, ते स्वतःवर दहापट काम लादून घेते. आणि ज्याला कविता लवकर पाठ होते, त्याने बहुधा ती कळून घेतलेली असते. अमेरिकेतील हेल्गा आणि टोनी नॉइस यांनी नटांच्या पाठांतराचा दीर्घ अभ्यास केला, त्यातही असेच दिसले. व्यावसायिक नट ओळी घोकत बसत नाहीत. हे पात्र हे वाक्य याच क्षणी का बोलते, याचा शोध ते घेत राहतात, आणि त्या शोधात ओळी पाठ होऊन जातात.

मोठ्याने म्हणताना तर अर्थ चुकवून पुढे जाताच येत नाही. 'ती आली नाही म्हणून तो गेला' हे वाक्य कागदावर गप्प पडून राहू शकते. ते उच्चारायचे झाले की ठरवावे लागते. 'नाही' नंतर थांबले, तर ती न आल्यामुळे तो निघून गेला. 'आली' नंतर थांबले आणि 'नाही' वर जोर दिला, तर ती आली, आणि तो नकार देऊन गेला. डोळ्यांनी वाचणारा हा निर्णय पुढे ढकलू शकतो, म्हणणाऱ्याला तो त्याच श्वासात घ्यावा लागतो. कवितेत, जेथे विरामचिन्हे थोडी आणि शब्दांचा क्रम उलटसुलट असतो, असा निर्णय प्रत्येक ओळीला घ्यावा लागतो. त्याला आकलन म्हणायचे नसेल, तर आकलन कशाला म्हणायचे?

माझ्या मुलीचे उदाहरण देते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडले. ती भुजंगप्रयातातली एक कविता पाठ करत होती. हे वृत्त आपल्या सर्वांच्या कानात 'मनाच्या श्लोकां'मुळे आहे : ओळीत बारा अक्षरे, आणि लघु-गुरु-गुरु हा तुकडा चार वेळा. तिला यगण वगैरे काही माहीत नाही. एका ओळीत ती दोनदा अडखळली, आणि तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाली की इथे काहीतरी कमी पडते आहे. पुस्तक उघडून पाहिले, तर तिने एक अक्षर गाळले होते. अकरा अक्षरांवर लय लंगडली आणि कानाने ते पकडले. पण याहून गंमत पुढच्या कडव्यात झाली. मूळ शब्द होता 'पहाटे', आणि ती म्हणत होती 'सकाळी'. दोन्ही शब्द लघु-गुरु-गुरु असेच आहेत. वृत्ताने काही कुरकुर केली नाही, कानाला काही खटकले नाही, आणि मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी म्हणता म्हणता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, पुढच्या ओळीत चांदण्या मावळतायत. सकाळी कुठल्या चांदण्या?" चूक या वेळी अर्थाने पकडली होती. त्यानंतर तिने विचारले की कवीला पहाटच का हवी होती. आपल्या नव्या प्रश्नपत्रिकेत रसग्रहणासाठी जो प्रश्न येईल, तो हाच आहे; फरक इतकाच की तो तिचा तिला पडला होता, आणि पडला होता तो पाठ म्हणता म्हणता.

दुसरी तक्रार व्यवहाराची आहे. काढून घेतलेले १० गुण आपण लेखी रसग्रहणाला दिलेत. रसग्रहणाची तयार उत्तरे गाइडमध्ये छापलेली असतात, हे समितीतील प्रत्येकाला माहीत आहे. मुले ती घोकतील. म्हणजे घोकंपट्टी राहणारच, फक्त कवीच्या ओळींऐवजी कोणा अनामिकाने त्या ओळींविषयी लिहिलेला परिच्छेद घोकला जाईल. त्या परिच्छेदाला ना लय, ना यमक. एबिंगहाउसच्या हिशेबाने तो अधिक जड, आणि परीक्षेनंतर ठेवून घ्यावा असे त्यात काही नाही. घोकायचेच असेल, तर निदान चांगले मराठी तरी घोकू द्यावे.

तिसरी तक्रार परिपत्रकातल्या त्या वाक्याविषयी आहे, ज्यात कविता वारंवार वाचली की पुरे, असे सुचवले आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला न पाहता आठवायला लावला. पाच मिनिटांनी पाहिले, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने पाहिले, तेव्हा आठवणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते आणि वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचल्याने आपल्याला येते आहे असे वाटते. न पाहता म्हटल्याने येते की नाही ते कळते. मोठ्याने उच्चारलेला शब्द मनात वाचलेल्या शब्दापेक्षा अधिक लक्षात राहतो, हेही कॅनडातील कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले आहे. प्रयोगातले उतारे गद्य होते आणि शब्द सुटे होते, ही मर्यादा मी मान्य करते. पण परिपत्रकाच्या बाजूने एवढाही आधार दिलेला नाही.

सर्व काही आता एका बोटावर उपलब्ध आहे, हे वाक्य परिपत्रकात नसले तरी त्याविषयी झालेल्या पालकसभेत आम्हाला ऐकवण्यात आले, म्हणून त्याचाही विचार करते. पुस्तकातली विद्या म्हणजे परक्याच्या हातातले धन, हे जुने सुभाषित मी पुढे करणार नाही, कारण त्याला उत्तर म्हणून फोन आपल्याच हातात असतो असे म्हणता येते. त्याऐवजी आना आख्मातोवा या रशियन कवयित्रीची गोष्ट सांगते. स्टालिनच्या काळात तिचा मुलगा तुरुंगात होता, घराची झडती केव्हाही होऊ शकत होती, आणि तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायकांविषयी ती 'रेक्विएम' ही कविता रचत होती. ती कागदाच्या कपट्यावर ओळी लिही, भेटायला आलेल्या मैत्रिणीपुढे धरी, मैत्रीण त्या मनात पाठ करी, आणि मग तो कपटा रक्षापात्रात जाळला जाई. लिदिया चुकोव्स्काया ही त्या मैत्रिणींपैकी एक. कविता १९६३ मध्ये म्युनिकमध्ये छापली गेली, आणि स्वदेशात १९८७ मध्ये. मधल्या काळात तिचे पुस्तक म्हणजे काही माणसे होती. आपल्या मुलांवर असा काळ येऊ नये. पण कोणाच्याही परवानगीवाचून, विजेवाचून आणि उपकरणावाचून जे जवळ राहते, ते बोटावर मिळणाऱ्या गोष्टीसारखेच आहे, असे समजणे मला पटत नाही.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडक्यात. चाल लावलेले गाणे ऐकून मुलाला चाल पाठ होते आणि शब्द चालीबरोबर वाहत येतात. कोठे थांबावे, हे मुलाने ठरवण्याआधी वाद्यवृंद ठरवून टाकतो. अधम पाठकांच्या यादीत गीती हा पहिला आहे, तो याच कारणाने असावा. शिवाय सर्वांना एकच नमुना देणे म्हणजे घरी वेगळ्या उच्चाराने बोलणाऱ्या मुलाला, तुझा आवाज कवितेत चालत नाही, असे सांगणे होय.

आता त्या मुद्द्याकडे येते, ज्यावर मला आपल्याशी काही प्रमाणात सहमत व्हावे लागते. तोंडी परीक्षा काही मुलांसाठी छळ ठरते. माझ्याकडे येणाऱ्या अडखळणाऱ्या मुलांना मी हे विचारते, तेव्हा बहुतेकांच्या वाईट आठवणींत हजेरी आणि कविता या दोन गोष्टी असतात. चाळीस जणांसमोर एकट्याने उभे राहायचे, पहिले अक्षर घशात अडकलेले, मागे कोणीतरी हसते, आणि शिक्षक म्हणतात, "पाठ केली नाहीस का?" पाठ केलेली असते, खडा न खडा. अशा मुलासाठी ही परीक्षा स्मरणाचीही नव्हती आणि भाषेचीही नव्हती. आपल्या निर्णयामागे अशा मुलांची काळजी असेल, तर तिचा मी आदर करते.

पण याच मुलांसोबत मी रोज काय पाहते, तेही ऐकावे. इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना, म्हणजे सामूहिक पठणात, अडखळणे बहुतेकांच्या बाबतीत फार कमी होते, पुष्कळदा नाहीसे होते. हे आमच्या क्षेत्रात सर्वज्ञात आहे. एक मुलगा आठवतो, वय नऊ. स्वतःचे नाव सांगायला त्याला अर्धे मिनिट लागे. आम्ही दोघांनी एक छोटी कविता बरोबर म्हणायला सुरुवात केली. बरोबर म्हणताना तो सरळ म्हणत असे. काही आठवड्यांनी मी आवाज हळू केला, मग फक्त ओठ हलवले, मग ओळीच्या सुरुवातीलाच साथ दिली. शेवटी त्याने अर्धी कविता एकट्याने म्हटली आणि उरलेली अर्धी माझ्याबरोबर. तो आजही बोलताना अडखळतो. पण त्याची भाषा त्याच्या तोंडून विनाअडथळा बाहेर पडताना कशी ऐकू येते, हे त्याने स्वतः ऐकले आहे, आणि ते त्याला लेखी प्रश्नाने ऐकवले नसते. वाचन-लेखनात अडचण असलेली मुले तर याच्या उलट आहेत : भाषेच्या परीक्षेत ज्या एका ठिकाणी ती पुढे जाऊ शकत होती, ते हे १० गुण होते. एकाची अडचण दूर करताना आपण दुसऱ्याचा आधार काढून घेतलात, आणि पहिल्यालाही काही दिले नाही.

पाढ्यांचे काय करावे, हा वाद वेगळा आहे आणि मी त्यात शिरत नाही.

शेवटची तक्रार अशी की हा निर्णय घेण्यापूर्वी शिक्षक, पालक किंवा वाचा-उपचारक यांपैकी कोणाला विचारल्याचे परिपत्रकातून दिसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, परिपत्रकाची अंमलबजावणी एक वर्ष स्थगित करावी आणि त्या काळात शिक्षक व पालकांची मते लेखी मागवावीत.

दोन, कवितापाठाचे गुण परत द्यावेत, पण जुनी परीक्षा जशीच्या तशी परत आणू नये. कविता मुलाने निवडावी; आठ ते बारा ओळी पुरेत; एखादी ओळ आठवली नाही तर शिक्षकांनी ती सांगावी आणि त्यासाठी गुण कापू नयेत; वेगाला गुण देऊ नयेत. म्हणून झाल्यावर दोनच प्रश्न विचारावेत, आणि ते म्हणण्याविषयीच असावेत : येथे का थांबलास, या शब्दावर जोर का दिलास. उत्तर काय आले, यापेक्षा उत्तर मुलाजवळ आहे का, हे पाहावे. गाइड छापणाऱ्यांना या प्रश्नांचे उत्तर आधी छापून ठेवता येणार नाही.

तीन, कोणत्याही मुलाला वर्गासमोर एकट्याने म्हणण्याची सक्ती करू नये. जोडीने, गटाने, किंवा फक्त शिक्षकांसमोर म्हणण्याचा पर्याय प्रत्येक मुलाला कारण न विचारता द्यावा, म्हणजे ज्याला तो हवा आहे, त्याला वेगळे काढल्यासारखे होणार नाही. पाठ न आल्याबद्दल उभे करणे, पुन्हा पुन्हा लिहायला लावणे, हे स्पष्ट शब्दांत बंद करावे.

चार, 'कविता तोंडपाठ करून घेऊ नये' हे वाक्य काढून त्या जागी 'अर्थ उलगडल्याशिवाय कविता पाठ करायला लावू नये' असे वाक्य घालावे. ध्वनिमुद्रण ऐकवायचेच असेल, तर मुलांनी आपापल्या आवाजात कविता म्हटल्यानंतर ऐकवावे.

पाच, आणि ही मागणी थट्टेची समजू नये : या विषयावरील पुढील बैठक सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने स्वतःला आवडणारी एक कविता न पाहता, मोठ्याने, इतर सदस्यांसमोर म्हणावी. अडखळल्यास हरकत नाही. ती कविता केव्हा पाठ झाली होती आणि आज म्हणताना तिच्यात काय नवे दिसले, हे कार्यवृत्तात नोंदवावे, आणि मग परिपत्रकावर चर्चा करावी.

त्या बैठकीला मला बोलावल्यास मी येईन. म्हणण्याची पाळी आली तर माझी कविता तयार आहे. या पत्राचे उत्तर समितीने जाहीरपणे द्यावे, अशी विनंती करते, कारण परिपत्रकही जाहीरच होते.

आपली नम्र,
एका विद्यार्थिनीची आई आणि वाचा-उपचारक